गेलेल्या मित्राची बैठक: आठवणी जमवायच्या कशा, सांगायच्या कशा

मित्र गेला की पहिले तेरा दिवस घरच्यांचे. मित्रांनी त्या दिवसांत खुर्च्या आणाव्यात, गाडी फिरवावी, बाहेरगावाहून येणाऱ्यांना गोव्याच्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून घरी पोचवावे आणि बाकी गप्प बसावे. शोकसभा हा वेगळा प्रकार आहे. तिथे अध्यक्ष असतो, ठराव असतो, वेळेचे बंधन असते. इथे सांगायची आहे ती मित्रांची बैठक: चाळीस-पन्नास वर्षे एका वाड्यात वाढलेले, एका बाकावर बसलेले, जत्रेच्या नाटकात एकमेकांच्या तोंडाला रंग फासलेले वीस-तीस जण जमतात, हसतात, थोडे रडतात आणि जेवूनखाऊन घरी जातात. ती आपोआप जमत नाही. दोन-तीन महिने आधीपासून कुणीतरी दोघांनी ती अंगावर घ्यावी लागते. दोघेच बरे, समिती केली की पहिल्या बैठकीत बॅनरचा रंग ठरतो आणि दुसरी बैठक होत नाही.

फोनचे काम थांबत नाही

बाकी सगळे सावकाश चालते, पण त्याच्या मोबाईल नंबरचे तसे नाही. रिचार्ज थांबला की काही काळाने नंबर बंद पडतो, आणि बंद पडलेला नंबर किमान 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण 120 दिवस न वापरल्यास पुसले जाते. म्हणून महिन्याभरात वहिनींशी किंवा मुलांशी बोलून एवढेच सांगा: नंबर इतक्यात बंद करू नका, फोन रिसेट करून कुणाला देऊ नका, गॅलरी आधी हार्डडिस्कवर उतरवा. फोनचे कुलूप उघडा म्हणून मागे लागू नये. आत काय आहे हे पाहण्याचा हक्क घरच्यांचा आहे, मित्रांचा नाही.

मित्रांच्या हाती आहे ते त्यांच्याच फोनमध्ये. प्रत्येकाने त्याच्याशी झालेले संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ने मीडियासह बाहेर काढावे. मीडियासह काढताना संदेशांच्या संख्येला मर्यादा असते, जुने संदेश गळतात. त्यामुळे एकदा मीडियासह आणि एकदा मीडियाविना, असे दोनदा काढा. आवाजी निरोप मात्र एकेक करून वेगळे साठवावेत. ‘खंय आसा रे तूं?’ एवढाच चार सेकंदांचा निरोप असला तरी तो ठेवा. पाच वर्षांनी फोटोपेक्षा तोच जास्त वेळा ऐकला जातो. ग्रुपमधून त्याचा नंबर काढून टाकण्याची घाई नको. पण नंबर दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळले, तर त्याच दिवशी काढा. नाहीतर त्याच्या नावाने कुणा परक्याचा ‘गुड मॉर्निंग’ येतो आणि सगळ्यांच्या पोटात गोळा उठतो.

तारीख

वर्षश्राद्ध तिथीने होते. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरावर सुमारे 11 दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. परदेशातला मित्र तिथी पाहून तिकीट काढू शकत नाही. तिथी घरच्यांना सोडा आणि बैठक वाढदिवसाच्या जवळच्या रविवारी ठेवा. वाढदिवसाला माणसे हसायला बिचकत नाहीत, हाही फायदा आहे.

गोव्यात काही महिने टाळलेलेच बरे. जून ते सप्टेंबर अंगणात काही करता येत नाही, आणि पत्र्याच्या मंडपाखाली पाऊस सुरू झाला की शेजारच्याचा शब्दही कळत नाही. गणेश चवथीच्या पंधरवड्यात कुणी मोकळा नसतो. त्याला लागून पितृपक्ष येतो, तेव्हा पुष्कळ घरांत हसण्याबोलण्याचे कार्यक्रम नको असतात. डिसेंबरच्या शेवटी रस्ते आणि भाडी दोन्ही हाताबाहेर जातात. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. गावच्या जत्रेच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी बैठक ठेवली तर मुंबई-पुण्याचे लोक एकाच फेरीत दोन्ही करतात. वाढदिवस पावसात पडत असेल तर जानेवारी किंवा फेब्रुवारीचा एक रविवार कायमचा धरून टाका.

मित्र ख्रिस्ती असेल तर सातव्या दिवसाची मीस (चर्चमधली प्रार्थना), महिन्याची मीस आणि वर्षाची मीस हे टप्पे त्या घरी आधीच ठरलेले असतात. तिथे हजेरी लावावी, बैठक वेगळी ठेवावी. 2 नोव्हेंबरला सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, जाऊन फुले आणि मेणबत्ती ठेवणे यात कुणाचाही धर्म आड येत नाही. मित्रांतर्फे मीस सांगायची असेल तर पाद्रीकडे तारीख बरीच आधी नोंदवावी लागते.

वेळ संध्याकाळी साडेपाच. सहा वाजता व्हिडिओ जोडला तर दुबईत साडेचार असतात, आणि लंडन-लिस्बनला हिवाळ्यात दुपारचे साडेबारा. सगळ्यांनाच जमते. परदेशातल्यांना पूर्ण वेळ पडद्यावर ताटकळत ठेवू नका. त्यांची पंधरा मिनिटे ठरवा, ती झाली की जोडणी बंद. नाहीतर अर्धी संध्याकाळ ‘ऐकू येतंय का?’ मध्ये जाते.

जागा

रवींद्र भवन किंवा कला अकादमीचा मोठा रंगमंच घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. पाचशे खुर्च्यांत तीस माणसे विखुरली की बैठक थंड पडते. सगळ्यांत चांगले त्याचे घर, जुने असेल तर राजांगण, म्हणजे घराच्या मधला चौक: आवाज घुमत नाही, माईक लागत नाही. पण हे घरच्यांनी आपणहून म्हटले तरच. वहिनींना पाहुणचाराच्या कामाला जुंपायचे असेल तर बैठक न केलेली बरी. दुसरा पर्याय देवळाची अग्रशाळा, म्हणजे आवारातली भाविकांच्या उतरण्याची जागा. तिथे मासे आणि दारू चालत नाही, आणि काही मित्रमंडळांत ही सोय मोठीच ठरते. वेगवेगळ्या धर्मांचे मित्र असतील तर शाळेचा वर्ग सर्वांत बरा, विशेषतः ती शाळा त्यांचीच असेल तर. मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या.

उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा तर लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो वाजवता येत नाही. तीस माणसांना तो लागतही नाही. खुर्च्या गोल मांडा. समोर टेबल, हार घातलेला फोटो आणि रांगा असे केले की लोक भाषण करू लागतात. फोटो असावा, पण बाजूला, आणि तो पासपोर्टचा मोठा केलेला नको. त्यात तो काहीतरी करताना दिसला पाहिजे.

आठवणी आधी गोळा करा

आयत्या वेळी ‘बोला’ म्हटले की लोक विशेषणे देतात. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावणारा. दहा जण हेच बोलतात आणि मित्र त्या शब्दांखाली नाहीसा होतो. आधी प्रत्येकाला फोन करून वीस-पंचवीस मिनिटे बोलून घेतले, तर ज्याच्याकडे खरा प्रसंग आहे तो कळतो आणि तोच त्याला सांगायला लावता येतो.

‘तो कसा होता?’ असे विचारूच नका. असे विचारा: हॉटेलात बसल्यावर तो काय मागवायचा? बिल कोण भरायचे? कशावरून चिडायचा? त्याच्या स्कूटरवर मागे बसल्यावर काय धरावे लागे? नाटकात कोणते वाक्य तो हटकून विसरायचा? तुमचे भांडण कशावरून झाले आणि किती दिवस टिकले? भांडणाचा प्रश्न सोडू नका. जन्मभराच्या मैत्रीत एक मोठे भांडण असतेच आणि ते मिटले कसे यातच अर्धा माणूस सापडतो.

रेकॉर्डिंग करताना फोन टेबलावर थेट ठेवू नका, खाली घडी घातलेला पंचा ठेवा. टेबलाची प्रत्येक टकटक आत जाते. पंखा बंद, खिडकी रस्त्याकडची बंद, फोन विमान-मोडवर. बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतर पुरे. फाईलला लगेच नाव द्या: वर्ष, गाव, विषय, बोलणारा. ‘ऑडिओ 0047’ मध्ये काय आहे हे सहा महिन्यांनी करणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा. काही जण ते ऐकताच प्रमाण मराठीत शिरतात आणि आवळून बोलतात. त्यांना पहिली पाच मिनिटे पावसापाण्यावर बोलू द्या, मग ते आपल्या बोलीवर येतात. कोकणीत आले तर कोकणीतच राहू द्या.

फोटो, कॅसेट, नाटकाची वही

इथेच सर्वाधिक नासधूस होते, आणि तीही प्रेमापोटी. गोव्याच्या दमट हवेत जुने फोटो अल्बमला चिकटतात, काचेला चिकटतात, वर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचलू नका. दात साफ करायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, कोपऱ्याखाली सारून करवतीसारखा पुढेमागे हळू ओढत न्या. तरी सुटत नसेल तर अख्खे पान तसेच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात ओढायचा नाही, वरचा रंगाचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. ओल्या फडक्याने फोटो पुसणे म्हणजे चेहरा पुसणे. मऊ कोरडा ब्रश एवढेच हत्यार.

स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय, पासपोर्ट आकाराला 1200. निगेटिव्ह असेल तर ते 2400 ला, आणि तेच आधी करा, कारण छापलेल्या फोटोपेक्षा त्यात जास्त तपशील असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवले की ते आकसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, खूण पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलने फक्त क्रमांक घाला आणि नावे वहीत. नावे लावताना शाळेतले नाव, घरातले नाव आणि वाडा असे तिन्ही लिहा. आपल्याकडे एकाच माणसाला तीन गटांत तीन नावे असतात आणि पुढच्या पिढीला तो तीन वेगळी माणसे वाटतो. चेहरे ओळखण्यासाठी फोटोंच्या मोठ्या झेरॉक्स काढून गावातल्या वयस्क बायकांपुढे ठेवा. मित्रांना स्वतःचा चेहरा आठवतो, त्यांना सगळ्यांचे आठवतात.

कॅसेटचे तसेच. आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती वाजवायची नाही. बुरशी प्लेअरच्या हेडवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती जाणकाराकडे द्या. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. प्लेअरच्या लाईन-आऊटमधून तार थेट संगणकाला जोडा. स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेली नक्कल म्हणजे खोलीचा आवाज. कॅसेट तासाची असेल तर तासच लागतो, घाईचा मार्ग नाही. डब्ल्यूएव्ही स्वरूपात एका तासाला सुमारे 600 एमबी जागा धरा. एमपीथ्री नंतर वाटण्यापुरती करा.

जत्रेच्या नाटकांत काम करणारा मित्र असेल तर प्रॉम्प्टरची वही शोधा. ती बहुधा त्याच्या घरी नसते, दिग्दर्शकाच्या किंवा पेटीवाल्याच्या कपाटात असते. अशा वहीचे पान एकदा नीट बघा: निळ्या शाईत संवाद, लाल पेन्सिलीत ‘पडदा’ आणि ‘लाईट’, समासात कुणाच्या तरी हातची ‘हांगा रावप’ (इथे थांबायचे) अशी सूचना, कोपऱ्यात चहाचा गोल डाग, आणि खोडलेल्या नटाच्या नावावर त्याचे नाव. हे छापील संहितेत मिळत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन वरून सरळ धरून पानापानाचा फोटो घ्या. वही उलगडून दाबू नका, शिवण तुटते. नाटकांची हस्तपत्रके, निमंत्रणे, स्मरणिका जास्त असतील तर पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून पाहा. 1832 पासूनची ती संस्था आहे. पण खोकी नेऊन टाकू नका, आधी यादी घेऊन जा.

सगळ्याच्या तीन प्रती: एक हार्डडिस्क वहिनींकडे, एक मित्राकडे, एक ऑनलाईन. आणि घरच्यांकडे जाणारी प्रत बैठकीच्या आधी द्या. भर बैठकीत त्याचा आवाज लावून बायकोमुलांना चकित करण्याची कल्पना वाईट आहे. त्यांनी तो आधी घरी, दार लावून ऐकलेला असावा.

प्रत्यक्ष संध्याकाळ

तीस जणांत बोलणारे बारापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकी चार मिनिटे म्हटली तरी तास-सव्वा तास होतो, कारण म्हटलेली चार ती पाच-सहा होतात. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची दोन गाणी किंवा भजने, चहाला पंचवीस मिनिटे. साडेपाचला सुरू केले तर आठला उठता येते. चरित्र कुणीही वाचू नये. जन्म, शिक्षण, नोकरी सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला प्रसंग हसवणारा असावा आणि तो सांगणारा ठरलेला असावा. तो रडला की पुढचे सगळे रडतात आणि बैठक तिथेच बसते.

मधे कुणाचा गळा दाटला तर पाठीवर थोपटत ‘असूं दे, असूं दे’ करणाऱ्यांची गर्दी होऊ देऊ नका. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा: असे झाले की सूर धरायचा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन तुटत नाही, कारण एक गट थकायच्या आत दुसरा उचलतो. इथेही तेच तत्त्व. भजन सर्वांना येणारे असावे. एकट्याने आलापी करायची ही जागा नाही, कितीही चांगला गाणारा असला तरी.

काय सांगू नये? बायकोमुलांना प्रथमच कळेल आणि बोचेल असे काहीही. जुने प्रेमप्रकरण, उसने पैसे, पिऊन घातलेले धिंगाणे. तिसऱ्या प्रकारात मित्र हमखास घसरतात, कारण ते सगळ्यांत जास्त हसवते. सूत्र धरणाऱ्याने एक नजर टाकली की थांबायचे, असे आधीच बजावून ठेवा. फेणी असेलच तर बैठक संपल्यावर, ज्यांना हवी त्यांनी, दुसरीकडे.

आमदार, पंच, सरपंच यांना मित्र म्हणून बोलवा, पाहुणे म्हणून नको. एकदा शाल-श्रीफळ आले की स्वागत आले, परिचय आला, आभार आले, आणि ज्याच्यासाठी जमलो त्याच्या वाट्याला दहा मिनिटे उरतात.

खाणे

तो ज्या हॉटेलात बसायचा तिथली भाजी-पाव हाच उत्तम बेत. घरी करायचा तर तीस जणांना 2 किलो सुके पांढरे वाटाणे किंवा अळसांदे (चवळी), आदल्या रात्री आठ-दहा तास भिजवून. 4 नारळ. पाव 80, आदल्या दिवशीच पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगून. त्यातल्या वीसेक कोंड्याच्या पोया घ्या, कारण साठीच्या पुढे पुष्कळांना साखर असते. मिरची भजी वेगळी, तळणारा माणूस वेगळा. चूक होते ती वाटपात. कडधान्य सकाळी उकडून ठेवायला हरकत नाही, पण खोबऱ्याचे वाटप सकाळीच घातले तर उकाड्यात संध्याकाळपर्यंत भाजी आंबते. वाटप दुपारी चारनंतर घाला आणि एक चांगली उकळी येऊ द्या. चहा दोनदा धरा: 60 कप, 6 लिटर. दूध साडेतीन लिटर, पाणी तीन, पावडर 130 ग्रॅम. साखर 400 ग्रॅम पुरते, कारण बिनसाखरेची किटली वेगळी ठेवायचीच आहे.

मागे काही ठेवायचे असेल तर

झाड लावायचे ठरते तेव्हा फोटो निघतो आणि पुढच्या एप्रिलात रोप मरते. खड्डा मे महिन्यात, दोन फूट लांब-रुंद-खोल. रोप जूनमध्ये, दोन-तीन चांगल्या सरी पडून माती मुरल्यावर. गुरांपासून कुंपण. आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी घालणारा माणूस, नावानिशी ठरलेला. तो माणूस नसेल तर झाड लावू नका. भिरंडीचे (कोकमाचे) रोप लावणार असाल तर कलमी घ्या. बियांपासून आलेल्या रोपांत निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही, आणि हे कळायला सहा-सात वर्षे जातात. ओंवळ (बकुळ) लावली तर हा प्रश्न नाही, सावली आणि फुले दोन्ही मिळतात.

शाळेत बक्षीस ठेवायचे तर हिशोब आधी करा. एक लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 6,500 रुपये येतात. दर खाली गेला की बक्षीसही खाली जाते, म्हणून रक्कम ठरवू नका, ‘त्या वर्षीचे व्याज’ असे लिहा. पैसे कुणा एकाच्या खात्यावर ठेवू नयेत. तोही साठीचाच असतो. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावे ठेव, लेखी पत्र, आणि बक्षीस कशासाठी हे एका ओळीत. गुणांत पहिला येणाऱ्याला आणखी एक बक्षीस कशाला? मित्र मागच्या बाकावरचा आणि नाटकवाला असेल, तर स्नेहसंमेलनात पडद्यामागे राबणाऱ्या मुलाला द्या.

दुसऱ्या वर्षापासून

पहिल्या वर्षी तीस येतात, तिसऱ्या वर्षी बारा. हे अपयश नाही, बाराच जवळचे होते. बाराजणांत कार्यक्रम करू नका, तो जे करायचा ते करा: रविवारचे मासे, फेरीबोटीतून दिवाडी बेटावर फेरफटका, पत्ते, गरी (गळ) टाकून नदीकाठी बसणे. गुडघे दुखणारे असतील तर डोंगर चढण्याचे बेत सोडा, गाडी जाईल तिथेच जा. वहिनींना दरवर्षी बोलवा, न आल्या तर कारण विचारू नका, पण डबा पोचवा.

मुले मोठी झाली की त्यांच्यातले कुणीतरी विचारते, बाबा तुमच्यात कसे होते. त्या वेळी हार्डडिस्क देऊन सुटका करून घेऊ नका. तीनशे फोटो कुणी पाहत नाही. वीस फोटो निवडा, प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी हे दोन ओळींत लिहा, पाच आवाज वेगळे काढा, आणि समोर बसून दाखवा. हार्डडिस्क दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायची असते. ते काम कोणाकडे हे त्याच दिवशी ठरवा, आणि पासवर्ड दोघांना तरी माहीत असू द्या.